घरबसल्या महाविद्यालय

दिवाळीच्या सुटीत आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी मला भेटावयास आली होती. दोन वर्षांपूर्वी ती बारावी उत्तीर्ण होऊन येथील एका महाविद्यालयात विज्ञानशाखेत दाखल झाली. "कॉलेज कसे चालले आहे?" असे मी सहज विचारले, तेव्हा ती हसून म्हणाली, "बाई, निम्मे कॉलेज तर माझ्या मोबाइलमध्येच आहे. त्यातल्या सरांना मी ओळखते. पण ते मला ओळखत नाहीत."

तिने ही गोष्ट थट्टेने सांगितली खरी. परंतु ती निघून गेल्यावरही तिचे ते शेवटचे वाक्य माझ्या मनातून जाईना. विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांपैकी जे आज नववी-दहावीत आहेत ते लवकरच महाविद्यालयाची पायरी चढतील, आणि तेथे अशाच काही अनोळखी सरांशी तुमची गाठ पडेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ साली असा नियम केला की, विद्यार्थ्याने आपल्या अभ्यासक्रमाचा पाचवा हिस्सा इंटरनेटवरील मान्य पाठांतून पुरा केला तरी चालेल. २०२१ साली ही मर्यादा शेकडा ४० पर्यंत वाढविण्यात आली. तेव्हा हे नवे साधन आहे तरी कसे, ते कोणी कोणी वापरून पाहिले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे जाणून घेणे तुमच्या व तुमच्या पालकांच्याही उपयोगाचे आहे.

या पाठांचे आपल्या देशातील मुख्य भांडार म्हणजे 'स्वयम्'. त्याचे उद्घाटन ९ जुलै २०१७ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते झाले. येथे चार, आठ किंवा बारा आठवड्यांचे अभ्यासक्रम असतात. प्रत्येकाचे अंग चौपदरी असते : पाहण्यासाठी चित्रित व्याख्यान, वाचण्यासाठी लेखी मजकूर, शंका विचारण्यासाठी चर्चेची जागा आणि स्वतःला तपासून पाहण्यासाठी स्वाध्याय. नाव नोंदविण्यास पैसे पडत नाहीत. प्रमाणपत्र हवे असेल तर मात्र शुल्क भरून, ठरलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष जाऊन परीक्षा द्यावी लागते. अभियांत्रिकी व विज्ञान या विषयांचे पाठ बहुतांशी एन्‌पीटीईएल या उपक्रमातून येतात. आय. आय. टी. संस्था आणि बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून तो २००३ साली आरंभिला. तेथे अंतिम गुणांपैकी शेकडा २५ गुण आठवड्याच्या स्वाध्यायांचे व ७५ परीक्षेचे धरतात.

योजना म्हणून हे सर्व उत्तमच आहे. चौपदरी अंगांपैकी पहिली दोन गुरूकडून शिष्याकडे जाणारी आहेत आणि उरलेली दोन शिष्याकडून गुरूकडे परत येणारी आहेत, एवढे मात्र ध्यानात ठेवावे. आजवर शिक्षणात जी जी नवी साधने आली त्यांची जाण्याची वाट चटकन रुंद झाली. येण्याची वाट मात्र बहुधा अरुंदच राहिली. याचा एक दाखला तर आपल्याच गावात आहे.

पंडित विष्णु नारायण भातखंडे हे मुंबईचे वकील. गवयांच्या घराण्यांतून कंठोकंठी चालत आलेल्या चिजा मिळवून, त्या स्वरलिपीत लिहून छापावयाच्या आणि वर्गात अनेकांना एकदम शिकवावयाच्या, असा त्यांचा बेत होता. तत्कालीन महाराज माधवराव शिंदे यांनी त्यास आश्रय दिला आणि १९१८ साली लष्करात माधव संगीत विद्यालय सुरू झाले. त्याआधी ग्वाल्हेरच्या काही गवयांना मुंबईस पाठवून या पद्धतीचे शिक्षण देण्यात आले होते. त्यांत राजाभैया पूछवाले होते. पुढे तेच या विद्यालयाचे प्राचार्य झाले. ज्या ग्वाल्हेरात हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांच्या गायकीचा दबदबा, तेथे कागदावरून गाणे शिकवावयाचे ही त्या काळी किती धीट गोष्ट असेल याची कल्पना करा. छापील स्वरलिपी म्हणजे त्या दिवसांतील 'ऑनलाइन' साधनच होते! ज्याला गुरूच्या दारी वर्षानुवर्षे राबण्याची सोय नव्हती, त्याच्याही हाती चीज आली. पण आपला गंधार नीट लागला की नाही, हे कागद सांगू शकत नव्हता. त्यासाठी समोर बसून ऐकणारे राजाभैयाच हवे होते. आणि विद्यालयात ते होते, म्हणूनच तो प्रयोग टिकला, असे माझे मत आहे.

आता पुढची साधने पाहू. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर 'कंट्रीवाइड क्लासरूम' हा कार्यक्रम सुरू केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी असे पाठ तयार करणारी केंद्रे पुढे पुणे, इंदूर इत्यादी ठिकाणी नांदू लागली. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी 'एज्युसॅट' नावाचा उपग्रह केवळ शिक्षणासाठी अवकाशात सोडण्यात आला. दूरदर्शनच्या पाठात व्याख्याता उत्तम असे आणि चित्रे सुरेख असत. परंतु एखादे वाक्य निसटले तर ते पुन्हा सांगा म्हणण्याची सोय नव्हती.

ही उणीव ज्यांनी ओळखली त्यांत मुंबईच्या आय. आय. टी. तील प्राध्यापक दीपक फाटक यांचे नाव घ्यावे लागेल. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण आपल्या मध्य प्रदेशातच, इंदूर येथे झाले. हजारो विद्यार्थ्यांना एकदम शिकविण्याच्या आधी त्यांच्या शिक्षकांना शिकवावे, असा त्यांनी विचार केला. आधी एक हजार आणि मग दहा हजार शिक्षकांसाठी त्यांनी वर्ग आखले. शिक्षकांनी मुंबईस जावयाचे नव्हते. आपापल्या भागातील एखाद्या महाविद्यालयात त्यांनी एकत्र जमावयाचे, पवईहून व्याख्यान चालू असताना पडद्यावर ते पाहावयाचे आणि मध्येच हात वर करून प्रश्न विचारावयाचा. प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा पवईस दिसे. शिवाय प्रत्येक ठिकाणी एक समन्वयक असे आणि तो आधी पवईस जाऊन तयार होऊन आलेला असे. भातखंड्यांनी गवयांना आधी मुंबईस नेले होते, त्याचीच ही नव्या युगातील आवृत्ती नव्हे काय?

त्याच संस्थेतील प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनी 'स्पोकन ट्युटोरियल' नावाचा दुसरा एक उपक्रम चालविला आहे. तो मला विशेष आवडतो. कारण त्यात गाजावाजा कमी आणि काम अधिक आहे. संगणकावरील एखादे काम कसे करावे हे दाखविणारा सुमारे दहा मिनिटांचा पाठ असतो. पडद्यावरील अक्षरे इंग्रजी राहतात. पण सांगणारा आवाज मराठी, हिंदी किंवा आणखी एखाद्या भारतीय भाषेतील असतो. विद्यार्थ्याने पडद्याच्या एका बाजूस पाठ लावावयाचा, दुसऱ्या बाजूस प्रत्यक्ष काम उघडावयाचे, आणि एक पाऊल पाहिले की पाठ थांबवून तेच पाऊल आपण टाकावयाचे. नुसते बघत बसण्यास येथे वावच नाही. हात चालले नाहीत तर पाठ पुढे सरकत नाही.

परदेशांतील हकीकतही थोडी सांगावयास हवी. २०११ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सेबास्टियन थ्रुन व पीटर नॉर्व्हिग या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरील आपला वर्ग सर्व जगाला खुला केला. सुमारे १,६०,००० लोकांनी त्यात नावे नोंदविली. आता विद्यापीठांच्या इमारती ओस पडणार, असे भविष्य पुष्कळांनी वर्तविले. पण शेवटपर्यंत पोचले ते वीस हजारांच्या थोडे वर. २०१३ साली कॅलिफोर्नियातील सान होजे स्टेट विद्यापीठाने थ्रुन यांच्याच उडॅसिटी या कंपनीबरोबर गणित व संख्याशास्त्र यांचे वर्ग इंटरनेटवरून चालविले. पहिल्या सत्रात उत्तीर्णांचे प्रमाण इतके खाली आले की तो प्रयोग थांबवून पुन्हा विचार करण्याची पाळी आली. त्यांतील काही विद्यार्थ्यांना घरी संगणक व इंटरनेट यांची सोयच नव्हती, हे वर्ग चालू झाल्यावर उमगले. चौकशीअंती असेही आढळले की, कोण उत्तीर्ण होणार याची सर्वांत मोठी खूण म्हणजे विद्यार्थ्याने स्वाध्याय किती केले ही होय. व्याख्याने किती पाहिली ही नव्हे. हार्वर्ड आणि एम. आय. टी. या संस्थांच्या खुल्या पाठांची पाहणी २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. तीत २०१७-१८ या वर्षी नाव नोंदविणाऱ्या शंभरांतून सुमारे तीनच जण शेवटास गेल्याचे नमूद आहे.

हे आकडे वाचून मला हसू आले नाही, कारण त्या सत्त्याण्णवांत मीही मोडते. दोन वर्षांपूर्वी मी 'स्वयम्'वरील भाषाशास्त्राच्या बारा आठवड्यांच्या पाठात उत्साहाने नाव घातले. व्याख्याते विद्वान होते, विषय आवडीचा होता. थंडीचे दिवस होते, मटार स्वस्त झाला होता. मी रात्री शेंगा सोलीत बसे आणि समोर व्याख्यान लावी. वेळ वाचावा म्हणून त्याची गतीही दीडपट करून ठेवी. दोन आठवडे असे मोठ्या समाधानात गेले. सारे काही समजत आहे, अशी माझी खात्री होती. तिसऱ्या आठवड्याचा स्वाध्याय उघडला आणि ध्यानात आले की, दहांपैकी चार प्रश्नांना हात घालण्याइतकीही माझी तयारी नाही. "उद्या पाहू" म्हणून मी ते पान मिटले, ते मिटलेच. कोणी रागावले नाही. माझ्या जाण्याची कोणालाच जाणीव नव्हती.

माझी मातृभाषा कोकणी. माझे गाव गोव्यातील पेडणे तालुक्यात. आमच्या लहानपणीचे मास्तर धडा मराठीतून शिकवीत, पण मध्येच थांबून वर्गाकडे पाहून कोकणीत विचारीत, "कळ्ळें?" आम्ही सारी मुले एका सुरात "कळ्ळें!" म्हणत असू. मास्तर त्या आवाजावर कधीही विश्वास ठेवीत नसत. ते चेहरे पाहत, आणि ज्याचा चेहरा कोरा दिसे त्यालाच फळ्यापाशी बोलावीत. तो चेहरा पुष्कळदा माझा असे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि चेहरे पाहण्याची ही सोय एका रात्रीत नाहीशी झाली. महाविद्यालयांना निवड करण्यास अवसर नव्हता. झूम, गूगल मीट जे हाती लागेल ते घेऊन प्राध्यापक शिकवू लागले. त्या वेळी एका महाविद्यालयात शिकणारा माझा विद्यार्थी मला सांगे की, वर्गात साठ नावे दिसत, पण साठही चौकोन काळे, सर अर्धा तास त्या काळ्या चौकोनांशी बोलत आणि शेवटी विचारीत, "कोणाला काही शंका?" मग थोडा वेळ शांतता, आणि "थँक यू, सर." तो स्वतः त्या वेळी सायकल दुरुस्त करीत असे, हेही त्याने प्रामाणिकपणे कबूल केले. त्या मुलांना दोष देण्याआधी एक आकडा पाहावा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या फेरीत देशातील शंभर घरांपैकी सुमारे ११ घरांत संगणक आणि २४ घरांत इंटरनेटची सोय आढळली होती. चेहरा दाखवावयाचा तर महागाचा डेटा खर्ची पडे. आणि घरातील एकच खोली साऱ्या वर्गापुढे उघडी करण्याचा संकोचही असे.

माझ्या शेजारी राहणारी एक मुलगी संगीत शिकते. तिची अडचण आणखी निराळी होती. गुरू तानपुरा छेडीत, ही इकडे गाई, आणि दोघांची लय कधीच जुळत नसे. याचे कारण असे की, आवाज इंटरनेटवरून जाण्यास व येण्यास थोडा वेळ लागतो. दोघांनी एकत्र गावयाचे तर सेकंदाच्या सुमारे तिसाव्या भागाहून अधिक उशीर चालत नाही. आणि मोबाइलवरील बोलण्यात उशीर याच्या कित्येक पट होऊ शकतो. बोलताना तो जाणवत नाही, तालात मात्र लगेच पकडला जातो. शेवटी त्यांनी तोड काढली. गुरूंनी ओळ म्हणून थांबावयाचे, हिने स्वतःचा तानपुरा लावून ती परत म्हणावयाची, ध्वनिमुद्रित करून पाठवावयाची, आणि गुरूंनी रात्री सवडीने ऐकून चुका सांगावयाच्या. एकत्र गाणे गेले ते गेलेच. पण गुरूंनी तिची एकच तान चार वेळा ऐकली, हे प्रत्यक्ष शिकवणीत कधी झाले नव्हते, असे ती सांगते.

प्रश्न परत येण्याची वाट कशी रुंद करावी, याचा विचार हार्वर्डमधील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक एरिक मझुर यांनी इंटरनेट घरोघर येण्याच्या आधीच केला होता. त्यांची व्याख्याने विद्यार्थ्यांना आवडत, परीक्षांचे निकालही चांगले लागत. १९९० च्या सुमारास त्यांनी आपल्या वर्गास काही अगदी साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न घातले आणि अवघड उदाहरणे सोडविणारी मुले त्यांत अडखळलेली पाहून ते चकित झाले. तेव्हापासून त्यांनी व्याख्यान आखडते घेतले. एक प्रश्न ठेवावयाचा, प्रत्येकाने मनाशी विचार करून आपले उत्तर नोंदवावयाचे, मग शेजाऱ्याशी वाद घालावयाचा आणि पुन्हा उत्तर नोंदवावयाचे. दुसऱ्या खेपेस बरोबर उत्तरे बहुधा वाढलेली असतात. उत्तर नोंदविण्याचे साधन पुढे बदलत गेले. नुसत्या हात वर करण्यापासून मोबाइलपर्यंत मजल आली. पद्धत मात्र तीच राहिली.

हे वाचून मलाही करून पाहावेसे वाटले. माझे काही माजी विद्यार्थी सध्या महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षास आहेत. एका रविवारी सायंकाळी मी त्यांना मोबाइलवर एकत्र केले आणि एका साध्या फॉर्मवर त्याच प्रकारचा एक प्रश्न पाठविला : भरधाव ट्रक आणि छोटी मोटार यांची समोरासमोर टक्कर झाली, तर कोण कोणावर अधिक बल लावील? (मी कलाशाखेची पदवीधर, उत्तर आधी आमच्या विज्ञानाच्या सरांना विचारून घेतले होते, हे सांगून टाकलेले बरे.) निम्म्याहून अधिक जणांनी 'ट्रक' असे उत्तर दिले. मजा अशी की, न्यूटनचा तिसरा नियम त्या सर्वांना तोंडपाठ होता आणि त्यावरील इंग्रजी व्याख्यान त्यांनी त्याच महिन्यात पाहिले होते.

मग मी त्यांना दोघा-दोघांत बोलावयास सांगितले. बोला मात्र मराठीत, असे बजावले. दहा मिनिटांनी एक मुलगा म्हणाला, "बाई, ट्रकचा जोर जास्त असतो ना!" आणि गाठ कोठे बसली आहे ते मला दिसले. घरी आपण 'जोर' म्हणतो तेव्हा आपल्या मनात धक्क्याचा परिणाम असतो : मोटारीचा चुराडा झाला, ट्रकास ओरखडा आला. विज्ञानातील 'बल' ही निराळी वस्तू आहे. दोन्ही वाहने एकमेकांवर समानच बल लावतात; मोटार हलकी असल्यामुळे तेच बल तिची गती फार अधिक बदलते. शाळेत मराठीतून शिकलेला 'बल', घरातील 'जोर' आणि व्याख्यानातील इंग्रजी 'फोर्स' हे तीन शब्द त्या मुलाच्या डोक्यात कधी एकमेकांस भेटलेच नव्हते. एकाने ही गोष्ट दुसऱ्यास आपल्या शब्दांत समजावून दिली आणि दुसऱ्या खेपेस दोघे वगळता सर्वांची उत्तरे बरोबर आली. उत्तम व्याख्यान आणखी चार वेळा दाखवूनही ही गाठ सुटली असती असे मला वाटत नाही. कारण ती आहे हेच व्याख्यात्यास कळण्याची सोय नव्हती.

मराठी शाळेतून हिंदी किंवा इंग्रजी महाविद्यालयात जाणाऱ्या आपल्या मुलांच्या बाबतीत अशा गाठी जागोजाग असतात. ग्वाल्हेरसारख्या गावी तर घरी एक, बाजारात दुसरी आणि वर्गात तिसरी भाषा चालते. पडद्यावरील पाठाचा येथे एक मोठा फायदाही आहे. तो थांबविता येतो. न समजलेला शब्द वहीत उतरवावा, त्याचा मराठी अर्थ शोधावा आणि मग पुढे जावे. प्रत्यक्ष वर्गात प्राध्यापकांना असे दर दोन मिनिटांनी कोण थांबविणार? पालकांनीही मुलगा मोबाइलपुढे किती तास बसला हे विचारण्याऐवजी, आज त्याने कोणता प्रश्न लिहून पाठविला आणि त्यास उत्तर आले का, हे विचारावे.

त्या माजी विद्यार्थिनीला मी हेच विचारले होते. चर्चेच्या जागेत तिने आजवर एकही शंका विचारली नव्हती. "इंग्रजीत चूक झाली तर हजारो लोक वाचतील," असे तिचे म्हणणे. आम्ही दोघींनी तेव्हाच बसून तिची एक शंका तीन ओळींत लिहिली आणि पाठविली. तिसऱ्या दिवशी तिचा निरोप आला : उत्तर आले होते, आणि त्याच ठिकाणी अडलेल्या आणखी चौघांनी त्याखाली आभार मानले होते.

भाषाशास्त्राच्या पाठात मी या सत्रात पुन्हा नाव घातले आहे. गती दीडपट ठेवलेली नाही, आणि शेंगा दुपारीच सोलून ठेवते. पाचवा आठवडा चालू आहे. चौथ्याच्या स्वाध्यायात दहांपैकी सात बरोबर आले.